थंडी गाडी

विलासभाऊ गेले ते सकाळी साडेसहाला. ही वेळ मला अजून खुपते, आणि का खुपते ते पुढे येईलच. त्यांच्या बायकोचा, शोभावहिनींचा, अमरावतीहून फोन आला तेव्हा मी अकोल्याला स्वयंपाकघरात चहा गाळत होते. "ताई, हे गेले. गॅरेजचं शटर वर करायले वाकले, ते उठलेच नाही..." एवढंच त्या बोलल्या. आज महिना उलटून गेला. कॉलेजात एका बाईंनी मला विचारलं, एका मेकॅनिकसाठी तुम्ही एवढं मनाला लावून घेता? हो, घेते. रसायनशास्त्र शिकवता शिकवता माझे केस पिकले, पण एखादी गोष्ट तपासायची कशी हे मी अमरावतीच्या बडनेरा रोडवर पत्र्याच्या शेडमध्ये गॅरेज चालवणाऱ्या या माणसाकडून शिकले, आणि ते सांगायला मला कसलीच लाज वाटत नाही.

आमची गाडी टर्बोवाली, पेट्रोलची, तीन सिलेंडरची. हिवाळा लागला की सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर अर्धा मिनिट थडथडायची, स्टिअरिंगपुढचा इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकायचा, आणि मग काही झालंच नाही अशी गुळगुळीत चालायची. माझं माहेर अमरावतीचं, म्हणून आधी विलासभाऊंना दाखवली. त्यांनी प्लग बदलून दिले, पण थडथड गेली नाही. मग अकोल्याच्या सर्व्हिस सेंटरला नेली. तिथल्या लोकांनी ती दुपारी चालवून पाहिली. आता अकोल्यात दुपारी कुठली गाडी थंड असणार? तिथला साहेब म्हणाला, दोष आढळला नाही. मी हट्टच धरला तेव्हा त्यांनी प्लगला ठिणगी देणारे कॉइल नवे घातले, प्लग पुन्हा बदलले, तरी दुसऱ्या दिवशी थडथड होतीच. तेव्हा त्यांनी जॉबकार्डवर लिहून टाकलं, 'बाहेरच्या मेकॅनिकने छेडछाड केल्यामुळे बिघाड.'

तो कागद मी विलासभाऊंना दाखवला. भातकुलीहून पोटापाण्यासाठी अमरावतीला आलेला, आयटीआय केलेला, हातातला पाना खाली ठेवतानाही आवाज न करणारा हा माणूस. त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घातली आणि खिशात ठेवला. "ताई, वीस वर्षांत माह्या कामावर असं कोनी लिहिलं नाही. मी अकोल्याले येतो. तुमी इथं आनता तवरोक गाडी गरम होते अन् बरी होऊन बसते. मले थंडी गाडी पाह्यजे. तिले हात बी लावू नका."

ते पहिल्या एसटीने आले. सात वाजता फाटकातून आत शिरले, बॉनेटवर तळवा टेकवला आणि तसेच उभे राहिले. बॉनेट चांगलं गरम होतं. माझे सासरे, आम्ही त्यांना मामाजी म्हणतो, ते अभिमानाने पुढे झाले. सहा वाजल्यापासून त्यांनी गाडी चालू करून, पुसून, चकाचक करून ठेवली होती. "तुमी एवढ्या दुरून येऊन राहिले, गाडी तयार नको का ठेवाले?" मला हसावं की रडावं कळेना. पाहुण्याला गरम पाणी काढून ठेवावं तशी आम्ही गाडी गरम करून ठेवली होती! मी मामाजींवर चिडले. विलासभाऊ मात्र म्हणाले, "काकाजी, तुमी लय प्रेमानं माह्यी सकाळ वाया घालवली. आता आजचा दिवस तुमच्याचकडं जेवतो." आणि राहिले.

संध्याकाळी त्यांनी इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, म्हणजे कूलंटच्या टाकीला एक छोटा हातपंप जोडून दाब भरून ठेवला. दुसऱ्या दिवशी साडेपाचला मी उठून पाहते तर शाल गुंडाळून, अंगणातली लोखंडी खुर्ची गाडीपुढे टाकून ते राखण करत बसलेले. मामाजींनी चुकूनही किल्ली फिरवू नये म्हणून! उजाडल्यावर त्यांनी इंजिन चालू न करताच तिन्ही प्लग काढले. दोन कोरडे निघाले, तिसरा ओला. तो त्यांनी माझ्या नाकापुढे धरला. "हे पेट्रोल नोय ताई. वास घ्या." किंचित गोडसर वास होता. माझ्याच विषयातला... ग्लायकॉल, म्हणजे कूलंट. मग त्यांनी समजावलं. इंजिनच्या हेडखालचं गॅस्केट, म्हणजे कूलंट सिलेंडरमध्ये येऊ न देणारी पातळ पट्टी, एका जागी गेलं होतं. गाडी बंद केली की रात्रभर तिथून थेंब थेंब आत झिरपायचा, सकाळी तो ओला सिलेंडर पेटायचा नाही, आणि अर्ध्या मिनिटात थेंब उडून गेला की सगळं ठीक. "गाडी खोटं बोलत नाही ताई. फक्त सकाळीच बोलते."

तो ओला प्लग आमच्या वाटीत घालून ते सर्व्हिस सेंटरला गेले आणि म्हणाले, हेड उघडा, माझ्यासमोर. दोन दिवस ते तिथून हलले नाहीत. शेवटी उघडलं तेव्हा गॅस्केट तिसऱ्या सिलेंडरपाशीच फुटलेलं निघालं. साहेब नवं जॉबकार्ड करून देतो म्हणाला. विलासभाऊंनी खिशातला कागद काढून टेबलावर ठेवला. "नवं नको. जे लिहिलं थेच खोडा, अन् खाली सही करा." त्याने खोडलं, सही केली. मी शेजारीच उभी होते आणि मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

म्हणूनच पुढचं लिहिताना मला त्यांचाही राग येतो. यंदा दिवाळीत ते म्हणाले, "सकाळी शटर उचलतो तर छातीत आवळते. चार पावलं चाललो का मोकळं." दवाखान्यात गेले ते अकरा वाजता, इस्त्रीचा शर्ट घालून. कार्डिओग्राम चांगला आला, घरी पाठवलं. मी म्हटलं, "भाऊ, तुमचंही आमच्या गाडीसारखंच झालं." ते हसले, मीही हसले. "डॉक्टरले काय सांगू, सकाळी शटरपाशी या? मोठे शिकलेले लोक आहेत ताई." साहेबाच्या टेबलावर कागद ठेवून सही घेणारा हा माणूस स्वतःसाठी एक शब्द बोलला नाही. आणि मी, शिकलेली, सगळं समोर असून विनोद करून मोकळी झाले. याची बोचणी मला जन्मभर राहील, राहायलाच हवी.

परवा मामाजींना सकाळी उठताना चक्कर आली. दुपारी दवाखान्यात नेलं तर बीपी नॉर्मल. तरुण डॉक्टर म्हणाले, वय झालंय, घेऊन जा. मामाजी लगेच चपला शोधायला लागले. मी खुर्ची ओढली आणि त्यांच्या पलंगापुढे बसले. "आज ठेवून घ्या. सकाळी, ते उठायच्या आधी झोपलेले असताना बघा, आणि मग उभं करून बघा." डॉक्टर वैतागले, नर्स वैतागली, मामाजी तर माझ्याकडे बघेनात. मी उठले नाही. सकाळी सहाला बघितलं. उभं केल्याबरोबर बीपी धाडकन खाली आलं होतं. रात्रीची एक गोळी बदलली, तेवढ्यावर भागलं.

डॉक्टर चांगले होते. कागद लिहिता लिहिता त्यांनी मोकळेपणाने विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला कोणी सांगितलं? तुमचं कोणी डॉक्टर आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "आमचे मेकॅनिक होते."