मऊबाई

माझ्या वहिनीला वृद्धाश्रमात सगळे मऊबाई म्हणायचे. बावीस म्हातारी माणसं, त्यातल्या निम्म्यांच्या तोंडात दात नाहीत आणि बाकीच्यांचे दात डबीत. त्यांचा स्वयंपाक करायचा आणि सकाळच्या आंघोळी घालायच्या, अशी तिची दुहेरी नोकरी होती. चौदा वर्षं. मला विचाराल तर एवढ्या वर्षांत मी तिचं कधी कौतुक केलं नाही. नणंदेनं भावजयीचं कौतुक करायचं म्हणजे पश्चिमेला सूर्य उगवायला हवा!

तिची भाजी शिजवायची एक पद्धत होती. संध्याकाळीच सगळं बारीक चिरून पाण्यात घालून ठेवायचं, म्हणजे सकाळी घाई होत नाही. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं. मग नव्या पाण्यात रटरटा उकळायचं, बोटाखाली दबेपर्यंत. ते पाणीही निथळून टाकायचं, घोटायचं आणि जेवणाच्या वेळेपर्यंत शेगडीवर झाकून गरम ठेवायचं. घशात अडकणार नाही, पोटात दुखणार नाही. म्हणून मऊबाई. कुणी खोडसाळ आजोबा म्हणायचे, "मऊबाई, आज भाजी कुठली? दिसतेय तरी सगळी सारखीच." ती म्हणायची, "डोळे मिटून खा, कळेल." मग सगळे हसायचे. दुपारी तिथे प्रत्येकाला संत्र्याच्या फोडी मिळायच्या, त्यामुळे भाजीत काय उरलंय नि काय नाही, याचा कुणाला पत्ताच लागला नाही.

घरी बाबा होते. माझे बाबा, तिचे सासरे. शिवणयंत्रं दुरुस्त करण्यात आयुष्य गेलं, बोटं अजून तेलकट वाटायची. मी रविवारी जायची, कारण कापडाच्या दुकानात मला तेवढीच सुट्टी. जायचं, चहा प्यायचा, दोन-चार चुका काढायच्या आणि परत यायचं, असा माझा कार्यक्रम.

मागच्या वर्षी बाबांच्या पोटात जखम झाली, उलटीत रक्त पडलं. दवाखान्यातून सोडताना डॉक्टर म्हणाले, महिनाभर आंबट नको, कच्चं नको, तिखट नको, महिन्यानं पुन्हा दाखवायला आणा, मग सगळं हळूहळू सुरू करू. हे माझ्यासमोर म्हणाले. दादा औषधं आणायला गेला होता आणि वहिनी कामावर होती. मी घरी आले आणि मोठ्या रुबाबात यादी केली. लिंबू बंद. संत्री, टोमॅटो, पेरू, पपई बंद. ढोबळी मिरची, कच्ची कोबी बंद. बटाट्यानं वायू होतो म्हणून तोही बंद, हे मात्र माझं स्वतःचं संशोधन! यादी वहिनीच्या हातात दिली आणि बजावलं, "यातली एक फोडही बाबांच्या तोंडाला लागता कामा नये. काही झालं तर तू जबाबदार."

"किती दिवस ताई?" तिनं विचारलं होतं.

"मी सांगेपर्यंत," मी म्हणाले.

महिन्यानं दाखवायला मी नेणार होते. दुकानात गर्दीचे दिवस होते आणि बाबा म्हणाले, बरं वाटतंय, कशाला उगाच! मग राहिलं ते राहिलंच. यादी मी साफ विसरले. वहिनी विसरली नाही. दहा महिने तिनं बाबांना लिंबाचा थेंब दिला नाही. रोज मऊ भात, घोटलेली भाजी, दूध आणि चहात बुडवलेली बिस्किटं. बिस्किटं मीच न्यायची.

दहाव्या महिन्यात बाबा अंथरुणाला चिकटल्यासारखे झाले. पाय दुखतात म्हणाले. मी म्हटलं, वय झालं. पुढच्या रविवारी त्यांची बाही वर सरकली. दंडावर पाच बोटं उमटली होती, काळीनिळी. पायजमा वर केला तर नडग्यांवर जांभळे डाग, हे एवढाले.

"बाबा, कुणी मारलं?"

"मला कोण मारणार? आपोआप येतात."

आपोआप! माणसाला आपोआप मार लागतो का? मला वाटलं, घाबरलेत. मी स्वयंपाकघरात गेले. वहिनी भाजी निथळत होती. मी विचारलं, तर तिनं माझ्याकडे सरळ बघून सांगितलं, "आंघोळीला उठवताना मी धरते ना ताई, तिथे उमटतं. हळू धरते तरी उमटतं."

ती खरं बोलत होती. अक्षरन् अक्षर खरं. आणि मला वाटलं, कबूल झाली.

मी दादाला काही बोलले नाही, डॉक्टरकडे नेलं नाही. दुसऱ्या दिवशी तडक वृद्धाश्रमात गेले आणि मॅनेजरच्या खोलीत, दार उघडं ठेवून, मोठ्यानं सांगितलं की तुमची ही मऊबाई घरी म्हाताऱ्या सासऱ्याला मारते, इथे काय करत असेल देव जाणे. बाहेर बाकावर दोन आजींच्या मुली बसल्या होत्या. त्यांनी ऐकावं म्हणूनच मी आवाज चढवला होता, आता खोटं कशाला बोलू?

संध्याकाळपर्यंत तिला घरी पाठवलं. आठवड्यात काढून टाकलं. बावीस जणांपैकी एकाच्याही अंगावर वळ नव्हता, पण आगीशिवाय धूर निघत नाही म्हणे. दादानं तिला रात्री जेवताना विचारलं, "खरं सांग, एकदा तरी हात उचललास का?" तिनं ताट बाजूला सारलं. त्या दिवसापासून ती त्याच्याशी कामापुरतं बोलते.

मग बाबांच्या हिरड्या सुजल्या, उरलेल्या पाच दातांभोवती रक्त यायला लागलं आणि वीस वर्षांपूर्वीच्या ऑपरेशनची जुनी खूण ओली झाली. आता जुनी जखम तर कुणी मारून उघडत नाही! घाबरून त्यांना दवाखान्यात नेलं. एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं बाबांच्या पायावरचे केस भिंगातून पाहिले. प्रत्येक केस स्प्रिंगसारखा वळलेला आणि मुळाशी लाल ठिपका. मग विचारलं, "हे खातात काय?"

वहिनीनं सांगितलं. चिरण्यापासून निथळण्यापर्यंत, सगळं क्रमानं, परीक्षेला बसल्यासारखं.

डॉक्टरीणबाईनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "यांना कुणी मारलेलं नाही. यांच्या शरीरात क जीवनसत्त्व संपलंय." मग समजावून सांगितलं. आपल्या शरीराला ते बनवता येत नाही, फार दिवस साठवताही येत नाही, खाण्यातूनच यावं लागतं. त्याच्यावाचून कातडी, हिरड्या, रक्तवाहिन्या यांना सांधून ठेवणारा धागाच तयार होत नाही. नुसतं धरलं तरी आत रक्त सुटतं, जखम भरत नाही, भरलेली उसवते. अन्नातलं लोह अंगी लागायलाही त्याची मदत होते. मिळतं कशात? पेरूत भरपूर, संत्र्यात, लिंबात, पपईत, ढोबळी मिरचीत, टोमॅटोत, कोबीत, साध्या बटाट्यातसुद्धा. पण ते पाण्यात विरघळतं आणि उष्णतेनं नासतं. चिरून भिजत घातलं, उकळलं, पाणी फेकलं, तासन्‌तास गरम ठेवलं, तर भाजी उरते आणि ते जातं.

माझी सगळी यादी ती वाचत होती, फक्त उलट्या बाजूनं.

"आंबट, कच्चं इतके दिवस बंद कुणी ठेवलं?" तिनं विचारलं.

 दादा वहिनीकडे बघत होता. माझं नाव घ्यायला तिला अर्धं वाक्य पुरलं असतं. तिनं घेतलं नाही. शेवटी मीच म्हणाले, "मी." आयुष्यात पहिल्यांदा माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

गोळ्या सुरू झाल्या. पोटाची जखम भरली होती, त्यामुळे पपई, कुस्करलेला पेरू, वरणात वरून लिंबू, सगळं चालू झालं. दोन दिवसांत हिरड्यांचं रक्त थांबलं. तीन आठवड्यांत डाग फिकट पिवळे होऊन गेले. इतकं सोपं होतं हो! एका पेरूचं काम होतं.

मी पुन्हा मॅनेजरकडे गेले. बैल गेला आणि झोपा केला. डॉक्टरचा कागद दाखवला, हात जोडले. तो भला माणूस, पण म्हणाला, "कागद बरोबर आहे बाई. पण नातेवाइकांना मी काय घरोघर कागद वाचून दाखवू? त्यांना मारकुटी बाई एवढंच आठवतं." आणखी दोन ठिकाणी वहिनीनं विचारलं. तिथंही तिच्या आधी माझी जीभ पोहोचली होती.

मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "ठीक आहे ताई." शिव्या दिल्या असत्या तर मी चार घास सुखानं जेवले असते.

ती घरीच राहिली, बाबांचं सगळं करत राहिली. पण एक नवीन रीत तिनं सुरू केली. बाबांना आंघोळीला नेण्याआधी शेजारच्या काकूंना हाक मारायची. बाबांच्या बाह्या वर करून दाखवायची. "बघून घ्या, काही नाही ना?" आंघोळ झाली की पुन्हा हाक, पुन्हा हात-पाय दाखवणं. काकू बिचाऱ्या लाजायच्या. "अगं, आमचा विश्वास आहे तुझ्यावर." ती म्हणायची, "असू दे. तरी बघा." काकू आल्याशिवाय ती बाबांना बोट लावत नसे. मी एकदा चिडून म्हटलं, "पुरे कर हे नाटक!" तर तिनं माझ्यासमोर बाबांच्या बाह्या वर केल्या.

गेल्या महिन्यात काकू गावाला गेल्या. सकाळी बाबा वाट बघून कंटाळले आणि एकटेच न्हाणीघरात शिरले. वहिनी मागोमाग धावली. उंबऱ्याशी पोहोचली तेव्हा त्यांचा पाय सरकत होता. ती हातभर अंतरावर होती.

खुब्याचं हाड मोडलं. या वयात ऑपरेशन झेपणार नाही म्हणाले. बाबा आता छताकडे बघत पडलेले असतात आणि त्यांच्या पाठीला जखमा व्हायला लागल्यात. डॉक्टर म्हणतात, दिवस मोजा.

दवाखान्याच्या जिन्यात वहिनी माझ्या शेजारी बसली होती. मी काही विचारलं नव्हतं. तीच हळूच म्हणाली, "मी हात पुढे केला होता ताई. पोहोचलाही असता. पण म्हटलं, दंडावर बोटं उमटतील."