कोलोनहून, संध्याकाळी सात

माझा धंदाच काळजी करण्याचा आहे आणि त्याचा मला पगार मिळतो. सिंगापुरात जमिनीखालून MRTचा, म्हणजे मेट्रोचा, नवा बोगदा जायला लागला की वरच्या इमारती किती खचतात ते मोजायचं, हे माझं एकोणीस वर्षांचं काम. जुन्या दुकानांच्या भिंतींवर आम्ही बोटभर आरसे डकवतो. समोरच्या गच्चीवरचं यंत्र ठरलेल्या वेळी त्या आरशांकडे बघतं आणि भिंत किती हलली ते मिलिमीटरमध्ये कळवतं. आकडा एका रेषेपलीकडे गेला की सगळ्यांना इशारा जातो. दुसऱ्या रेषेपलीकडे गेला की खालचं काम बंद. बंद करा असं सांगणारा माणूस मी. त्यामुळे साइटवर मला बघून कोणाचा चेहरा खुलल्याचं मला आठवत नाही.

नवीन रुजू होणाऱ्यांना मी पहिल्या दिवशी एक गोष्ट बजावून सांगतो. आकडा थोडा वाढला म्हणून घाबरू नका. घाबरायचं ते रोज तोच आकडा आला तर. भिंत उन्हानं फुगते, पावसानं आकसते, शेजारून बस गेली तरी हलते. आठ दिवस तिचा आकडा जागचा हलला नाही, तर भिंत शहाणी झालेली नसते, यंत्र मेलेलं असतं. हे मी इतक्या वेळा बोललोय की ऑफिसात माझी नक्कल करणारे हेच वाक्य निवडतात. पुढे जे झालं त्यात माझी लाज कशात आहे ते कळावं म्हणून हे आधी सांगतोय.

आमची मुलगी एकुलती एक, सिंगापुरातल्याच बेडोकच्या फ्लॅटमध्ये वाढलेली. मराठी बोलते, पण चिडली की इंग्रजीवर जाते आणि फारच चिडली की मागे सिंगापुरी 'लाह' लावते. जुने, फाटलेले, भिजलेले कागद दुरुस्त करायचं शिक्षण तिला घ्यायचं होतं आणि ते जर्मनीत, कोलोन नावाच्या शहरात. हे तिनं जाहीर केलं तेव्हा बायको म्हणाली, कोलनवॉटर जिथून येतं तेच ना हे गाव? लहानपणी आमच्या दोघांच्याही घरी ताप चढला की कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवायचे. बायकोला त्या वासाच्या आठवणीनंच गाव पसंत पडलं. मी मात्र वाचायला बसलो.

माझं वाचणं म्हणजे काय ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे. लोक एखाद्या शहराचं सौंदर्य बघतात, मी पाया बघतो. ऱ्हाइन नदीच्या काठावरचं हे गाव रोमन लोकांनी वसवलेलं. आजही कुठंही खणलं की त्यांच्या भिंती लागतात. मधोमध दोन टोकदार मनोऱ्यांचं ते अवाढव्य कॅथेड्रल. ते बांधायला सहाशेहून जास्त वर्षं लागली. मध्ये काही शतकं काम ठप्प होतं, आणि अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन नुसती उभी होती. क्रेन तशी सोडून जाणाऱ्यांवर आमच्या खात्यानं काय कारवाई केली असती, असा विचार माझ्या मनात आला. नदीवरच्या रेल्वेपुलाच्या जाळीला प्रेमी जोडपी कुलुपं अडकवतात आणि किल्ली पाण्यात टाकतात. हजारो कुलुपं. त्यांचं वजन कोणी हिशेबात धरलंय का, असं मी विचारल्यावर मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं.

मग दुसरं महायुद्ध आलं. विमानांनी गावाचा मधला भाग जवळजवळ सपाट केला. कॅथेड्रलवरही बॉम्ब पडले, पण ते उभं राहिलं. हवाई हल्ल्यापासून वाचायला लोक तळघरं खणत होते, तेव्हा कॅथेड्रलच्या पायथ्याशी रोमन घराची चित्रं जडवलेली फरशी सापडली. मुलीला ही गोष्ट फार आवडली. मला त्यातलं खणणं तेवढं दिसलं. कारण वाचता वाचता मी ज्या पानाशी थांबलो ते पान माझ्याच धंद्याचं होतं. युद्धातून वाचलेले शहराचे शेकडो वर्षांचे कागद ज्या इमारतीत ठेवले होते, ती इमारत आमच्या काळात, शांततेच्या दिवसांत, शेजारी भुयारी रेल्वेचं काम चालू असताना जमिनीत गेली. शेजारच्या घरातली दोन तरुण माणसं गेली. कागद चिखलात गेले, आणि ते तुकडे वेचून साफ करण्याचं काम अजून संपलेलं नाही.

मी मुलीसमोर लॅपटॉप ठेवला आणि म्हटलं, हे बघ, कुठल्या गावात जायचं म्हणतेस. तिनं ते सगळं माझ्या आधीच वाचलेलं होतं.

"बाबा, म्हणून तर तिथं जायचंय," ती म्हणाली. "ते कागद अजून वाट बघतायत."

ऑक्टोबरमध्ये ती गेली. नदीच्या पलीकडच्या काठावर होस्टेलमध्ये खोली मिळाली, रोज कुलुपांच्या त्या पुलावरून चालत जायचं होतं.

जाताना मी नियम घालून दिला. आपल्याकडे कोणीही कुठंही गेलं की 'पोचलीस की कळव' म्हणतोच. मी त्यापुढे एक पायरी गेलो. नुसतं पोचल्यावर नाही, रोज कळवायचं. आमचे संध्याकाळचे सात, हिवाळ्यात तिथले दुपारचे बारा, ती वेळ ठरली. ती 'ओके लाह' म्हणाली. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी मेसेज आला की आज वर्गात काहीच कळलं नाही, सगळे भराभर जर्मन बोलतात, जिन्यात बसून रडले. झालं. दुसरी रेषा ओलांडली गेली होती आणि काम बंद करायला लावणारा माणूस मीच होतो. मी तिला सहा वेळा फोन केला. तिकिटं बघून ठेवली. आणि एवढ्यावर न थांबता तिच्या विभागाच्या ऑफिसला ईमेल लिहिलं, की माझी मुलगी अडचणीत आहे, कृपया लक्ष द्यावे. साइटवर आम्ही असंच करतो, संबंधित सगळ्यांना कळवतो. तिथल्या बाईंनी तिला बोलावून, समोर बसवून, माझं पत्र वाचून दाखवलं. मुलीनं दोन ओळींत कळवलं की सगळं मिटलंय, पुन्हा असं करू नकोस. मला वाटलं, बघा, वेळीच लक्ष घातलं म्हणून मिटलं.

त्यानंतर तिचे मेसेज सुतासारखे सरळ झाले. सात वाजले की फोन वाजायचा. 'क्लास छान झाला. जेवले. सगळं ठीक.' 'पुलावरून चालत आले. जेवले. सगळं ठीक.' एक दिवस चुकला नाही. मी ऑफिसात फुशारकी मारली की आमची मुलगी आमच्या यंत्रांपेक्षा वेळेची पक्की आहे. एक सहकारी म्हणाला, तुमच्याकडूनच शिकली असणार. मला ते कौतुक वाटलं.

फेब्रुवारीतला शनिवार होता. मी बायकोबरोबर बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांसमोरच्या टेबलाशी, चहा घेत बसलो होतो. चार महिने मी त्या गावाच्या बातम्या फोनवर भाषांतर करून वाचत होतो, तशाच वाचत होतो. एका बांधकामावर युद्धातला न फुटलेला बॉम्ब सापडला होता. तिथं हे अधूनमधून होतं, हे मला वाचून माहीत होतं. माती हलवली की ऐंशी वर्षांपूर्वीचं काहीतरी वर येतं. मग आसपासची घरं रिकामी करतात, रेल्वे थांबवतात आणि जाणकार माणसं जाऊन बॉम्ब निकामी करतात. नकाशावर लाल वर्तुळ होतं. वर्तुळ नदीच्या पलीकडच्या काठावर होतं आणि तिच्या होस्टेलची गल्ली त्याच्या आत होती.

साडेसहा वाजले होते. फोन लावला, लागला नाही. पुन्हा लावला. बायकोच्या हातातला चहा तसाच राहिला. बातमीत म्हटलं होतं की सकाळपासून दारं वाजवून सगळ्यांना बाहेर काढलंय, वर्तुळात कोणीही उरलेलं नाही. मी बायकोला ते तीनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग बाहेर असेल ती, सुरक्षित असेल. मला ते पटत होतं आणि तरी मी पुन्हा फोन लावला.

बरोबर सात वाजता फोन वाजला. 'आज सुट्टी. रूमवरच आहे. जेवले. सगळं ठीक.'

बायकोनं सुटकेचा श्वास टाकला. "आला ना मेसेज?" ती म्हणाली. "चला, देवाची कृपा."

मी स्क्रीनकडे बघत राहिलो. ती रूमवर असूच शकत नव्हती. रूम वर्तुळात होती आणि वर्तुळात माणूस नव्हतं. मी अंगठ्यानं मागचे मेसेज वर वर सरकवत गेलो. जानेवारी, डिसेंबर, नोव्हेंबर. सात. सात. सात. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. जेवले, सगळं ठीक. जेवले, सगळं ठीक. जी गोष्ट मी एकोणीस वर्षं परक्या लोकांना शिकवत आलो, ती माझ्या खिशात शंभर दिवस होती आणि मला दिसली नव्हती. आपण इतके मूर्ख कसे, हे मला बायकोलाही सांगता येईना. मी नुसतं म्हटलं, हा मेसेज तिनं आत्ता लिहिलेला नाही.

आठला पाच कमी असताना तिचा फोन आला. मागे खूप लोकांचा गलका होता. जवळच्या एका शाळेच्या व्यायामशाळेत सगळ्यांना नेऊन बसवलं होतं, गडबडीत चार्जर खोलीवर राहिला आणि फोन बंद पडला होता, आता कोणीतरी चार्जर दिला. ती ठीक होती. मी म्हटलं, तुझा मेसेज आला, तू रूमवर आहेस म्हणून.

मग तिनं सांगितलं. दर रविवारी ती आठवड्याचे सात मेसेज एका बैठकीत लिहून एका अ‍ॅपमध्ये वेळ लावून ठेवायची. ते अ‍ॅपच्या सर्व्हरवरून आपोआप जायचे, फोन बंद असला तरी.

मी विचारलं, का. आवाज चढू नये म्हणून मी टेबलाची कड धरून ठेवली होती.

"बाबा, मी जरा हलले की तू सगळं काम बंद करतोस," ती म्हणाली. "मला इथं काम चालू ठेवायचं होतं."

मग बोलता बोलता एकेक बाहेर आलं. नोव्हेंबरच्या परीक्षेत ती नापास झाली होती आणि पुन्हा बसली होती. डिसेंबरमध्ये चार दिवस तापानं पडून होती, खोलीत एकटी. त्या चार दिवसांचे मेसेज मला पाठ होते. जेवले, सगळं ठीक. बायकोनं फोन माझ्या हातातून घेतला आणि कानाला लावला. डोळे पुसले आणि फोन मला परत दिला. ज्या गावच्या पाण्याच्या घड्या आम्ही कपाळावर घेतल्या, त्याच गावात आमची मुलगी तापली आणि तिच्या कपाळावर हात ठेवायला कोणी नव्हतं. का नव्हतं, ते बायकोनं बोलून दाखवलं नाही. तिचे हे उपकार मी विसरणार नाही.

ती सांगत होती तेव्हा माझ्या तोंडावर 'परत ये' आलं होतं. दोन तासांत तिकीट निघालं असतं. पण तिनं मध्येच वेगळंच काढलं. आठवड्यातून दोन दिवस ती त्या चिखलातल्या कागदांवर काम करत होती. कोरड्या ब्रशनं एकेक तुकडा साफ करायचा, दिवसभरात तळहाताएवढंच काम होतं. परवा एका तुकड्यावर कोणाची तरी सही वर आली, म्हणाली. तिचा आवाज त्या एका वाक्यापुरता बदलला. मला तो बदल ऐकू आला. मी तिकिटाचं बोललो नाही.

"आता कोणाला ईमेल करणारेस?" तिनं विचारलं.

"कोणालाच नाही," मी म्हटलं. "मेसेजही नको. वाटेल तेव्हा लिही, नाहीतर नको लिहूस. पण लिहिलंस तर खरं लिही."

तिच्याकडे दुपार उलटून गेल्यावर बॉम्ब निकामी झाल्याची बातमी आली. लोक आपापल्या घरी गेले, गाड्या सुरू झाल्या. जमिनीत असे आणखी किती आहेत ते कोणालाच माहीत नाही, आणि ते गाव त्यांच्यावरच रोज उठतं, दुकानं उघडतं, कॅथेड्रलचे झिजलेले दगड बदलतं. मला हे कसं जमणार, असं वाटत राहिलं.

रविवारी सात वाजले आणि फोन वाजला नाही. मी जेवायला बसलो होतो. सव्वासात झाले, साडेसात झाले. बायको म्हणाली, तुम्हीच सांगितलंत ना, मग जेवा. मी ताटातली भाकरी नुसती मोडत राहिलो. पावणेआठला मी फोन हातात घेतला, तिचं नाव काढलं आणि परत ठेवला. असं तीनदा केलं. एवढा वेळ रीडिंग आलं नसतं तर साइटवर मी एव्हाना तीन माणसांना झोपेतून उठवलं असतं.

आठ वाजून तेरा मिनिटांनी मेसेज आला. 'आज खूप एकटं वाटतंय. रडून झालं. जेवले नाहीये अजून.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. ती रडली होती, उपाशी होती, सातासमुद्रापार होती, आणि मला इतकं हलकं वाटलं की बायकोकडे बघायची लाज वाटली. मी बरंच काही लिहिलं आणि खोडलं. शेवटी 'वाचलं. इथंच आहे' एवढंच पाठवलं आणि तिकडे दुसऱ्या ओळीत काही येतंय का, ते बघत बसलो.