काठीनं सरकवलेल्या चपला

अण्णा गेल्याचा वहिनीचा फोन आला तेव्हा मी भात लावत होते. कुकरच्या तीन शिट्ट्या होऊ दिल्या, मगच घराबाहेर पडले. सख्ख्या मोठ्या भावाबद्दल असं लिहिताना हात अडखळेल असं वाटलं होतं... अडखळत नाही. शोकसभेत एकामागून एक जण उठून सांगत होता, सरांनी शिबिरात मुलांना स्वतःच्या मनानं निवडायला शिकवलं. मी खाली मान घालून बसले होते. मी रडतेय असं शेजारच्या बायकांना वाटलं असेल, पण मला राग आवरत नव्हता.

अण्णाचं उन्हाळी शिबिर कोल्हापुरात गाजलेलं. पहिल्या दिवशी मैदानावर चुन्याच्या पांढऱ्या फक्कीनं रिंगणं आखायची, एक मल्लखांबाचं, एक मातीकामाचं, एक हलगीचं, एक मेंदीचं, आणि ज्याला जे शिकायचं असेल त्यानं त्या रिंगणात आपली एक चप्पल ठेवायची. आईवडील कौतुकानं फोटो काढायचे. ते फाटकाबाहेर गेले की अण्णा काठीनं चपला हव्या तिकडं सरकवायचा. माझी वैजू तेव्हा नऊ वर्षांची होती. घरी डबे बडवून बडवून तिनं आमचे कान किटवले होते. हलगीच्या रिंगणात चप्पल ठेवून ती ताठ उभी राहिली, आणि अण्णानं ती चप्पल मेंदीत ढकलली.

"मामा, मी हलगी निवडलीया."

"व्हय की. निवडू दिलं का न्हाय तुला? आता गप मेंदीत बस."

वैजूनं माझ्याकडं पाहिलं. मी शिबिराच्या स्वयंपाकाला होते, हातात पोह्यांची परात होती. चारचौघांत भावाशी वाद नको म्हणून मी म्हणाले, "मामा म्हणतोय तर बस की गं." अण्णाला मी माफ केलेलं नाही. त्या वाक्यासाठी स्वतःलाही नाही.

वैजू आता पंचविशीची आहे. मागच्या आठवड्यात तिला नोकरीची दोन पत्रं आली, एक हातकणंगल्याहून, एक पुण्याहून. दोन्ही तिनं माझ्यापुढं ठेवली. साडी असो, कॉलेज असो, ती हेच करत आलीय. अण्णा आमच्या घरात उरलाय तो असा... मी म्हणाले, तुला कुठली पाहिजे ते तूच सांग.

"न्हाय आई, तूच ठरव," ती शांतपणे म्हणाली. "मी ठरवलं तर परत बदलायचा ताप तुम्हालाच."