मागच्या सीटचं माप

एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला मिस्त्रीचं गॅरेज आणि मधल्या अरुंद गाळ्यात सीटवाल्या काकी. गेली सत्तावीस वर्षं त्या मोटारसायकलींच्या सीट शिवतायत. कव्हर फाटलेलं असो की फोम बसलेला असो, काकींच्या पुढ्यात टाकायचं आणि बिनघोर आपल्या कामाला जायचं, अशी ख्याती. त्यांचे दोन नेम होते आणि ते मोडायची कोणाची टाप नव्हती. पहिला, माप घेतल्याशिवाय कात्री उचलायची नाही. गिऱ्हाईक कितीही घोड्यावर बसून आलेलं असो, काकी त्याला स्टुलावर बसवून टेप लावणार म्हणजे लावणारच. दुसरा, तयार सीट स्वतः चालवून बघितल्याशिवाय हातावेगळी करायची नाही. त्यामुळे या बाईनं चालवली नाही अशी गाडी त्या रस्त्यावर शोधून सापडली नसती.

स्वतःची मात्र एक खोकणारी स्कूटर. तर अशा काकींनी एके सकाळी गॅरेजच्या दारात उभं राहून जाहीर केलं, "मिस्त्री, मी क्रूझर घेतेय. जुनी. फार अवाढव्य नको, फार किरकोळही नको. मधली."

मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. "कोणासाठी, काकी?"

"कोणासाठी म्हणजे? चालवणार मी. मागं आमचे हे."

"हे" म्हणजे मोजणीदार. तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या. ऊन म्हणू नका, काटेकुटे म्हणू नका, माणूस कायम बाहेर. निवृत्तीला चार महिने उरले आणि एका उतारावर पाय घसरून ते खड्ड्यात पडले. पाठीचं ऑपरेशन झालं. त्याला आता दोन वर्षं होत आली. पलंग, खुर्ची आणि खिडकी, एवढीच त्यांची हद्द. कारमध्ये वाकून शिरता येत नव्हतं, बसचे धक्के सोसत नव्हते. एकदा स्कूटरवर बसवून पाहिलं, तर कोपऱ्यापर्यंत जाईतो चेहरा पांढराफटक. डॉक्टर म्हणाले होते, "बैठक रुंद असेल, पाठीला घट्ट टेकू असेल, तर तासभर खुशाल फिरा." मोजणीदारांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. हल्ली तर ते बाहेर काय चाललंय हेही विचारत नसत. काकींना धास्ती होती ती त्याचीच. पाठ दुखते ती दुखते, पण हा माणूस खिडकीशी बसल्या बसल्या विझत चाललाय, हे त्यांना बघवत नव्हतं.

म्हणून क्रूझर. बुटकी, ऐसपैस मोटारसायकल, मागे टेकू बसवता येईल अशी.

जुन्या गाड्यांचा दलाल पेट्रोलपंपाच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये बसायचा. मिस्त्रीला घेऊन काकी तिथे पोचल्या. दलालानं एका काळ्या क्रूझरवरून फडकं ओढलं. गाडी अशी चमकली की मिस्त्रीनं नकळत केस नीट केले.

"एका हातातली आहे, काकी. डॉक्टरसाहेबांची. रविवारच्या रविवारी बाहेर काढायचे. मीटर बघा, अकरा हजार! नवरीसारखी जपलीय."

मिस्त्रीनं गाडी चालू केली, कान लावला, मान डोलावली. "इंजिन झकास आहे, काकी. डोळे झाकून घ्या."

काकींनी डोळे उघडेच ठेवले. त्यांनी इंजिनाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सीटवर अंगठा दाबला, मग मूठ, मग कोपर. खटका काढून सीट सोडवली आणि बाजूच्या पिंपावर उलटी टाकली.

"अहो काकी, गाडी घेताय की गादी?" दलाल हसला.

"गादीच वाचतेय. तुम्ही जरा गप्प बसा."

सीटच्या बुडाला कव्हर ठोकायच्या पिनांची भोकं असतात. इथे भोकांच्या तीन रांगा होत्या. पुढचा फोम इतका बसलेला, की त्याखाली कोणीतरी रबराचा तुकडा चिकटवला होता. मागचा फोम मात्र अगदी कोरा.

"तीन रांगा," काकी म्हणाल्या. "म्हणजे कव्हर दोनदा बदललं. रविवारी फिरणाऱ्या डॉक्टरांच्या बुडाला काय काटे होते? ही गाडी सत्तर हजारांच्या आत चाललेली नाही. अहो, मीटर मागं फिरवता येतं. फोम फिरवून दाखवा बघू!"

दलालाचं हसू जागच्या जागी वाळलं. मिस्त्री उगाच आरशाकडे बघायला लागला.

"डॉक्टर नव्हता," दलाल शेवटी म्हणाला. "औषधं विकायला फिरायचा. म्हणजे डॉक्टरांच्या जवळपासचाच म्हणा."

"चला काकी," मिस्त्री पुटपुटला. "हा माणूस सरळ नाही."

"माणूस नसेना. गाडी सरळ आहे." काकींनी सीटवरच्या खळग्यात तळहात ठेवला. "बघ, बरोबर मधोमध बसलीय. पडलेल्या गाडीवर माणूस एका कुशीवर बसतो, सांगाडा वाकला असेल तरी तसंच. हा सत्तर हजार किलोमीटर नाकासमोर बसलाय. मागं कोणाला घेतलं नाही, ओझं लादलं नाही. खोटं बोलला तो हा दलाल. गाडी बिचारी कुठं खोटं बोलली? आता तू अकरा हजार विसर आणि सत्तर हजारांची समजून तपास."

मिस्त्रीनं अर्धा तास ती पुन्हा तपासली. साखळी संपलेली, मागचे शॉक दमलेले, बाकी ठणठणीत. दोन्ही नवं घालून, कागदपत्रं नावावर करून आणि किंमत सत्तर हजार किलोमीटर चाललेल्या गाडीला शोभेल एवढी खाली आणूनच काकी उठल्या. चार दिवसांनी त्या क्रूझर चालवत गल्लीत शिरल्या तेव्हा पंक्चरवाल्यानं चक्क शिट्टी मारली. "पंप सांभाळ तुझा," काकी म्हणाल्या, पण गालातल्या गालात हसत होत्या.

मागची सीट त्यांनी तीन दिवस खपून केली. खाली कडक फोम, वर मऊ, दोन्ही बाजूंना उंच कडा, म्हणजे वळणावर माणूस हलणार नाही. पाठीला उभा टेकू, कमरेशी फुगीर. आयुष्यात इतकी देखणी सीट त्यांनी कोणाला शिवून दिली नव्हती. माप घ्यायचा प्रश्नच नव्हता. एकतीस वर्षांचा संसार! या माणसाच्या पँटी उसवल्या त्यांनी, शर्ट शिवले त्यांनी. नवऱ्याला कसलं आलंय माप?

रविवारी सकाळी शेजारच्या दोघांनी मोजणीदारांना धरून जिन्यावरून खाली आणलं. "अगं, कशाला हा खटाटोप," ते तीनदा म्हणाले. काकींनी तिन्ही वेळा ऐकलं नाही. पायाखाली स्टूल ठेवून ते कसेबसे बसले.

दोन्ही कडांच्या मध्ये ते खुळखुळत होते. कमरेचा फुगवटा बरगड्यांत टोचत होता, खांदे टेकूला लागतच नव्हते. काकींनी गाडी दहा पावलं नेली न नेली, तोच ते डावीकडे घसरले आणि कळवळले. "उतरव मला," म्हणाले. "मी सांगत होतो. आता हे माझ्यानं व्हायचं नाही."

गल्ली बघत होती. सत्तावीस वर्षांत काकींची सीट कधी परत आली नव्हती. पण त्यांना गल्लीची लाज नाही वाटली. त्यांना भीती वाटली, की आता हा माणूस खिडकीशी बसेल तो कायमचाच.

"उतरा. पण वर जायचं नाही," त्या म्हणाल्या. "गाळ्यात चला."

गिऱ्हाइकाच्या स्टुलावर त्यांनी नवऱ्याला बसवलं आणि टेप काढली. कंबर, पाठ, खांदा. एकदा मोजलं. टेपच चुकली असेल म्हणून पुन्हा मोजलं. बैठक चार बोटं कमी. पाठ दीड इंच आखूड. खांदे तर कोणीतरी चोरून नेलेले. रोज याच पाठीला तेल लावत होत्या त्या, आणि शिवली होती ती उतारावरून पडण्याआधीच्या माणसाची सीट. काकी जमिनीवरच बसल्या आणि टेप तोंडाशी धरून रडल्या, अगदी हमसून.

"मला ठाऊक होतं," मोजणीदार हळूच म्हणाले. "कपडे ढगळ होतायत हे मला दिसत नाही होय? जन्मभर मोजण्याचंच काम केलंय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुला मी अजून तेवढाच दिसत होतो. म्हटलं, एका ठिकाणी तरी राहू दे."

काकींनी पदरानं डोळे पुसले. मग त्यांचा पारा चढला, आणि चढला ते बरंच झालं. "तेवढे नाही तर नाही! आहात तेवढ्याला शिवीन. माझ्याकडे काय फक्त पैलवान येतात? गप्प बसा आणि हलू नका."

त्यांनी कात्री घेतली आणि ती देखणी सीट टराटरा उसवली. कडा आत घेतल्या, फुगवटा दीड इंच खाली आणला. मोजणीदार स्टुलावरून टेपवरचे आकडे वाचून दाखवत होते आणि एक आकडा त्यांनी दुरुस्तही केला. "सव्वा नव्हे, सव्वाला एक सूत कमी. नीट बघ." दोन वर्षांत पहिल्यांदाच ते कोणावर तरी खेकसले. काकींनी मुकाट्यानं खूण हलवली.

दुपार कलल्यावर गाडी पुन्हा निघाली. दहा पावलं, कोपरा, पेट्रोलपंप, मग मोठा रस्ता. काकी कान मागे लावून बसलेल्या. मागून काही ऐकू येत नव्हतं. गाव संपून दुतर्फा शेतं लागली तेव्हा मागून एक हात खांद्यावरून पुढे आला आणि बोट रोखून मोजणीदार म्हणू लागले, तो बांध बघ, कसा वाकडा घातलाय, आणि ते कुंपण, हातभर रस्त्यात घेतलंय लबाडानं, कोण मोजतं हल्ली देव जाणे. बोलणं थांबेचना. चार-पाच किलोमीटर झाले तेव्हा काकींना राहवेना. त्यांनी मान किंचित वळवून विचारलं, "अहो, पाठ कशी आहे?"

"कुठली पाठ?" मोजणीदार म्हणाले. "तू पुढं बघून चालव."