नाव, गोत्र आणि कारण

"मी तुमच्यासाठी देवाजवळ मागते हं," हे वाक्य माझ्या तोंडून फार सहज निघतं. कुणाच्या सासऱ्यांची बायपास असो, कुणाच्या मुलाची बारावी असो, नाहीतर कुणाची बाडमेरला झालेली बदली रद्द व्हायची असो. मागते म्हणायचं आणि पिशवी सावरत भाजीच्या ठेल्याकडे वळायचं. खरं सांगायचं तर यातलं निम्मं मी विसरते. निरांजन लावताना एवढंच आठवतं की कुणाचं तरी काहीतरी होतं. मग "देवा, त्या सगळ्यांचं बघ," म्हणून मोकळी होते. आमचे हे म्हणतात, "तुझ्या देवाकडे सगळा घाऊक माल जातो."

ह्यांची विमा कंपनीतली बदली झाली म्हणून आम्ही जयपूरला आलो, ते तीन वर्षांसाठी. त्याला आता बावीस वर्षं झाली. विद्याधर नगरात आमच्यासारखी पंधरा-वीस मराठी घरं आहेत, आणि दर संकष्टीला संध्याकाळी आम्ही एकेकाच्या घरी जमून अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं करतो. आमच्यात भटजी कुणी नाही, त्यामुळे संकल्प मराठीतच. ज्यांचं घर त्यांनी तळहातावर पाणी घ्यायचं आणि मोठ्यानं सांगायचं: आजची आवर्तनं कुणासाठी, त्याचं गोत्र काय आणि कारण काय. आमच्यातले एक निवृत्त काका याबाबतीत फार कडक. कुणी नुसतं "अडचण दूर व्हावी" म्हटलं की विचारतात, "कसली अडचण? अर्धवट पत्त्यावर कुरिअर पोचत नाही." सगळे हसतात आणि माणूस कारण सांगून टाकतो. गेल्या वर्षी आमच्या घरी जमलो होतो तेव्हा मी समोरच्या ब्लॉकमधल्या एका गृहस्थांच्या मूळव्याधीसाठी संकल्प सोडला होता. ते स्वतः दुसऱ्या रांगेत बसले होते. त्यांनी डोळे मिटून घेतले ते मला भक्तीनं वाटलं.

आता माझ्या लेकीचं. ती आणि जावई, दोघंही शहराच्या दुसऱ्या टोकाला, सीतापुऱ्यात नोकरी करतात आणि तिकडेच जवळ राहतात. थंडी सरताना एका रविवारी ती एकटीच आली. आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. शेंगेतून नजर वर न काढता ती म्हणाली, "आई, आमची ट्रीटमेंट चालू आहे. मतलब, बाळासाठी. माझं सगळं ठीक आहे. त्याचे रिपोर्ट बरोबर नाहीत. त्याच्या आईला त्यानं सांगितलं नाहीये, त्याला फार लागेल ते. तू कुणाला सांगू नकोस. बाबांना पण नको."

"वेडी आहेस का, मी कुणाला सांगणार?" मी म्हणाले. ते म्हणताना मी अगदी प्रामाणिक होते.

आठ दिवस मी कुणाला सांगितलं नाही. नवव्या दिवशी मैत्रिणीबरोबर बागेत फिरत होते. तिची ओळख एवढीच सांगते की आमच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असते आणि तिची माझ्याकडे. मला मलेरिया झाला तेव्हा तीन आठवडे तिचा डबा येत होता. ती चालता चालता म्हणाली, "लग्नाला चार वर्षं झाली ना गं? पोरीला एकदा दाखवून घ्या चांगल्या डॉक्टरला."

पोरीला म्हणाली, हेच मला लागलं. मी थांबले आणि म्हणाले, "तिचं काही नाही. तिचे सगळे रिपोर्ट उत्तम आहेत. त्याचंच आहे." मग जीभ चावली, आणि वर देवाचं पांघरूण घातलं. "तू कुणाला बोलू नकोस हं. फक्त बाप्पाजवळ माग तिच्यासाठी."

तिनं माझा हात हातात घेतला. "मागते. तू काळजी करू नकोस."

मला इतकं हलकं वाटलं की मी येताना दोघींसाठी कचोऱ्या घेतल्या.

पुढची संकष्टी मैत्रिणीच्याच घरी होती. तेव्हा नागपूरहून विहीणबाई आल्या होत्या, पंधरा दिवसांसाठी. त्यांना अथर्वशीर्ष तोंडपाठ. मीच मोठ्या हौसेनं लेकीला फोन केला, "सासूबाईंना घेऊन ये, त्यांनाही बरं वाटेल." त्या आल्या. मैत्रिणीनं दारातच त्यांची विचारपूस केली, हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. लेक त्यांच्या शेजारी. मी मागे, भिंतीला टेकून.

मैत्रिणीनं तळहातावर पाणी घेतलं. म्हणाली, "आजची आवर्तनं माझ्या मैत्रिणीच्या लेकीसाठी." मग माझ्या लेकीचं नाव घेतलं, सासरच्या आडनावासकट. गोत्रही सांगितलं. ते तिनं लग्नपत्रिका काढून बघितलं असणार, कारण मलाही ते चटकन आठवलं नसतं. "तिची कूस उजवावी म्हणून."

काका सवयीनं म्हणाले, "काही उपचार वगैरे?"

"हो ना. जावईबापूंचे रिपोर्ट नीट येऊन उपचारांना यश मिळावं म्हणून," ती म्हणाली, आणि पाणी ताम्हनात सोडलं.

खोलीत माणसं होती पंचवीस. लगेच पहिलं आवर्तन सुरू झालं. एकवीस आवर्तनांना आम्हाला तासाच्या वर लागतो. एरवी मी सोळाव्याला पेंगते. त्या दिवशी डोळे टक्क उघडे. लेकीची पाठ दिसत होती. तिला अथर्वशीर्ष तोंडपाठ नाही, ती पुस्तिकेत बघून म्हणते. प्रत्येक वेळी बरोबर जागी ती पान उलटत होती, पण तिचा आवाज येत नव्हता. विहीणबाईंचा येत होता, खणखणीत, एकही अक्षर न चुकता. त्यांनी एकदाही मागे वळून बघितलं नाही.

निघताना मी गाडीपर्यंत गेले. लेक काच खाली करून म्हणाली, "आई, उद्या फोन नको करूस."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैत्रिणीच्या घरी गेले. ती आदल्या दिवशीची भांडी पुसून ठेवत होती.

"तुला मी कुणाला बोलू नकोस म्हटलं होतं," मी म्हणाले.

"मी कुठे कुणाला बोलले? बाप्पाजवळच मागितलं की."

"पंचवीस माणसांत?"

"मग संकल्प काय मनातल्या मनात सोडायचा? तू त्या मूळव्याधीवाल्यांचा मनात सोडला होतास का?"

"तिची सासू समोर बसली होती गं."

तिनं कपबशी खाली ठेवली. अगदी मायेनं म्हणाली, "बसू दे की. तिलाही कळलं ना, सुनेत काही दोष नाही. तुला हेच हवं होतं ना? त्या दिवशी तू सांगत होतीस तेव्हाच मला कळलं होतं."

हे ऐकून मी तिच्या घराबाहेर पडले. इतक्या वर्षांच्या मैत्रिणीनं माझा विश्वास असा चव्हाट्यावर आणावा, याचा संताप मला फाटकापर्यंत पुरला. फाटकापाशी मला तिचा शब्द खोटा ठरवायला काही सापडेना. तिनं माझ्या पोटातलं बरोबर ओळखलं होतं आणि माझ्या वतीनं मोठ्यानं म्हणून टाकलं होतं. म्हणून तर जास्त राग आला.

लेक आली चार दिवसांनी. बसली नाही. जावयांनी दोन दिवस कुणाशी बोलणं टाकलं होतं, आईशीही. मी म्हणाले, "अगं, मी फक्त एकीला सांगितलं, तेही तुझ्यासाठी देवाजवळ मागायला."

"आई, मी पण फक्त एकीलाच सांगितलं होतं," ती म्हणाली.

मी सॉरी म्हणाले. आमच्या घरात आईनं मुलीला सॉरी म्हणायची पद्धत नाही, त्यामुळे ते नीट जमलं नाही. ती म्हणाली, "ठीक आहे," आणि चपला घातल्या.

त्यानंतर तिचे फोन बंद झाले नाहीत, हे मी लोकांना मुद्दाम सांगते. दर रविवारी येतो. एसी दुरुस्त झाला, कामवाली सुटीवर गेली, ऑफिसची बस उशिरा येते. "आणि बाकी?" मी विचारते. "बाकी मजेत," ती म्हणते. शेजारणीलाही ती हेच सांगत असणार.

परवा दुपारी विहीणबाईंचा फोन आला. त्या पुन्हा जयपूरला आल्यात हेही मला माहीत नव्हतं. मला वाटलं आता जुना हिशेब चुकता होणार, म्हणून मी खुर्चीत नीट बसून घेतलं. तर त्या आनंदात होत्या. "आत्ताच सोनोग्राफी करून आलो हो आम्ही तिघं. ठोके ऐकले मी बाळाचे. तिसरा लागला ना आता, तर डॉक्टर म्हणाले सगळं उत्तम आहे. तुम्हाला तर सुरुवातीपासून ठाऊकच असेल."

"हो तर," मी म्हणाले. "पहिल्यांदा मलाच सांगितलं तिनं."

"एवढ्यात कुठे बोलू नका बरं."

"नाही, नाही."

मी फोन ठेवला. मला फार आनंद झाला होता, आणि तो कुणाला दाखवायची सोय नव्हती. हे ऑफिसातून आले, त्यांना चहा दिला, त्यांनाही बोलले नाही. ते एवढंच म्हणाले, "आज साखर जास्त झालीय." संध्याकाळी मैत्रीण आली, तिच्या किल्लीनंच दार उघडून. आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं आहे, फिरायला जाण्यापुरतं. मी बूट घालत होते तेव्हा तिनं विचारलं, "लेकीची काही बातमी?"

"नाही गं. काही नाही," मी म्हणाले.

"होईल. मी मागतेय रोज."

"माग," मी म्हणाले, आणि आम्ही बागेकडे निघालो.