दादाच्या नावावरची खोली

गेल्या महिन्यात आमच्या दादाचा जाहीर सत्कार झाला. दादा म्हणजे परळमधल्या आमच्या विभागाचा जुना नगरसेवक, माझ्या आईच्या हातचं जेवून मोठा झालेला. मैदानात मांडव घातला होता, खुर्च्यांना पांढरे अभ्रे, आणि मानपत्र वाचायला कुठून तरी पैदा केलेला सुटाबुटातला निवेदक. त्याने दादाला विकासपुरुष म्हटलं, दूरदर्शी म्हटलं, भाग्यविधाता म्हटलं. दादा चाकाच्या खुर्चीत मान एका बाजूला टाकून ऐकत होता. धडधाकट असता तर माईक ओढून घेऊन म्हणाला असता, ‘पुरे रे आता, लोकांना भुका लागल्यात.’

मानपत्रात खोटं काही नव्हतं, हेही सांगायला हवं. आमच्या घरात नळ आला तो त्याच्यामुळे. त्याआधी चाळीच्या टोकाला पहाटेपासून हंडे आणि भांडणं. बंद पडायला आलेली मराठी शाळा त्याने वाचवली. हिंदमाताच्या चौकात पाणी तुंबलं की साहेबांना फोन करत बसायच्या ऐवजी हा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पंप सुरू झाला का ते स्वतः बघायला जायचा. आणि चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा आमचं एकही बिऱ्हाड रस्त्यावर आलं नाही. आजूबाजूच्या चाळींचं काय झालं ते आम्ही बघितलंय, त्यामुळे ही गोष्ट केवढी ते आम्हांलाच कळतं. एवढं करून स्वतःसाठी त्याने काही केलं नाही. ‘नगरसेवक होऊन स्कूटरवरच रे तू?’ म्हणून लोक त्याची चेष्टा करायचे.

मानपत्रात एका गोष्टीचा उल्लेख नव्हता, ती म्हणजे गावाची खोली.

तळकोकणातल्या आमच्या गावाची चाळीत एक खोली होती. भाडं सगळे मिळून भरत. गिरणीत लागायला आलेला माणूस आधी तिथे उतरायचा, भिंतीला खिळा ठोकून शर्ट अडकवायचा आणि जेवायला शेजारी आमच्याकडे यायचा, कारण आई खानावळ चालवायची. दादाही असाच आला. पुढे गिरण्या बंद पडल्या, आईची खानावळ आटोपली, पण खोली काही रिकामी झाली नाही. परळला इस्पितळं आहेत ना. गावात कुणाला मोठं दुखणं निघालं की माणसं पेशंटला घेऊन थेट खोलीत. कुणाला विचारायचं नाही, कुणाचे उपकार नाहीत. सकाळी दादा कार्यालयात जाण्याआधी तिथे डोकवायचा, कोण आलंय, काय झालंय ते ऐकून घ्यायचा आणि बेडसाठी फोन लावायचा. मी तर म्हणेन, त्याचं खरं कार्यालय तेच.

टॉवरचं ठरलं तेव्हा प्रश्न आला, ही खोली कुणाच्या नावावर करायची? भाड्याची पावती एका म्हाताऱ्याच्या नावावर होती आणि तो कधीच गेला होता. बिल्डरच्या ऑफिसात बसणारा वकील म्हणाला, गावाचं मंडळ नोंदवून घ्या, मंडळाच्या नावावर फ्लॅट मिळेल. दादालाही ते पटलं. त्याने बैठकीत दोनदा सांगितलं, ‘मंडळ नोंदवूया. मी आज आहे, उद्या नाही.’

झालं, बैठक पेटली. गावाहून आलेले वडीलधारे म्हणाले, दादा असताना मंडळ नोंदवायचं म्हणजे दादावर अविश्वास दाखवायचा. असला अपमान आमच्या हातून व्हायचा नाही. वकिलाला तर त्यांनी वेड्यातच काढलं. मग ठरलं, खोली दादाच्या नावावर. आणि कागदाच्या जागी काय केलं, तर रीतीप्रमाणे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं. खोलीतल्याच देवाच्या फोटोपुढे सगळ्यात म्हाताऱ्या माणसाने हात जोडून खड्या आवाजात म्हटलं, ‘बा देवा म्हाराजा, खोली नावान दादाची आसली तरी ती गावाची. गावचो कोण दुखण्यान इलो तर त्याका हयसर थारो मिळांदे रे म्हाराजा!’ आणि आम्ही सगळे ओरडलो, ‘होय म्हाराजा!’ दादाचे डोळे भरून आले होते. त्या क्षणी आम्हांला वाटलं, याहून पक्कं काय असणार?

देवाने त्याच्या परीने ऐकलं असेल. सोसायटीने ऐकलं नाही.

सुरुवातीची वर्षं बरी गेली. चौदाव्या मजल्यावर गावची माणसं राहायची, गॅलरीतून इस्पितळ दिसतं म्हणून खूश असायची. मग लिफ्टमध्ये सुक्या मासळीचा वास येतो अशी तक्रार झाली. लॉबीत डोक्यावरचे केस गेलेली माणसं बसतात, लहान मुलं घाबरतात, अशीही झाली. ही तक्रार करणारे सगळे नवे नव्हते हो, आमच्याच चाळीतलेही होते. दादा सगळ्यांना पुरून उरायचा. पुढे तो निवडणूक हरला. त्याला मतं देणारे फ्लॅट विकून बदलापूर, विरारला गेले होते, आणि ते फ्लॅट त्यांना मिळवून दिले होते त्यानेच. याचं मला फार वाईट वाटतं. हरल्यावर वर्षभरातच त्याला अर्धांगाचा झटका आला.

नावावर म्हणजे नावावर. दादाच्या मुलाने गावाच्या खोलीचा तो फ्लॅट भाड्याने दिला. देण्याआधी माझ्याकडे येऊन बसला होता बिचारा. ‘आत्या, तूच सांग मी काय करू? पप्पांना उठवा-बसवायला चोवीस तास माणूस लागतो. औषधं आहेत. त्यांनी मागे काय ठेवलंय ते तुला माहितीये.’ माहीत होतं. लबाड नगरसेवकाच्या मुलावर ही वेळ आली नसती. मी त्याला चहा दिला. चिडायचं म्हटलं तर चिडायला माणूस सापडत नव्हता. गावात मात्र बोभाटा झाला, ‘शेवटी राजकारणीच तो. खोली गिळल्यान.’ बैठकीत मंडळ नको म्हणून आकांडतांडव करणारेच यात पुढे होते. त्यांना मी फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

सत्काराच्या दिवशी सकाळी मी हार आणायला निघाले होते. इस्पितळासमोरच्या फुटपाथवर प्लॅस्टिक अंथरून बसलेल्यांत मला आमच्या वरच्या वाडीतली एक सून दिसली. शेजारी नवरा, गाल सुजलेला, तोंडावर रुमाल धरलेला. आठवडा झाला होता म्हणे येऊन. मी तिच्यावर ओरडलेच, ‘अगं, मी इथे मेले काय? माझ्याकडे का नाही आलात?’ ती ओशाळून हसली. म्हणाली, ‘काकी, खोलयेत गेलों असतों तर हक्कान गेलों असतों. तुमच्याकडे पावणे म्हणान किती दिस रवतलों? इलाज म्हयने चलतलो.’ माझ्या घरात मुलगा, सून, नातवंडं, सगळी दोन खोल्यांत. हे तिला दिसत होतं. तिने फक्त आंघोळीपुरतं यायचं कबूल केलं. दोघं आली, आंघोळ केली, पेज जेवली आणि परत फुटपाथवर गेली.

संध्याकाळी मानपत्र, शाल, श्रीफळ सगळं यथासांग झालं. फोटो काढणारे पांगले तशी मी दादाच्या खुर्चीजवळ गेले. मुलगा मागे उभा होता. दादाची जीभ जड झाली आहे, निम्मं बोलणं आपणच जुळवायचं असतं. पण त्या दिवशी त्याने माझा हात धरला आणि अगदी स्पष्ट विचारलं, ‘खोलयेत कोण आसा?’

मी मुलाकडे बघितलं नाही. म्हटलं, ‘वरच्या वाडीतलं जोडपं आलंय. त्याला गालाचं दुखणं आहे.’

‘जेवली?’

‘जेवली.’

‘बेड मिळालो?’

‘मिळेल दादा.’

त्याने मान हलवली. मांडवाकडे, हारांच्या ढिगाकडे, त्या गुंडाळलेल्या मानपत्राकडे हात केला आणि ‘ह्या काय नाय’ अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटला. मग दम घेऊन म्हणाला, ‘ता एक काम माझ्या हातान बरा झाला.’

मी हो म्हटलं. मुलाने वाकून त्याच्या ओठांच्या कडेची लाळ पुसली, आणि पुसून झाल्यावरही बराच वेळ तो तसाच खाली वाकून राहिला.