नळीकाकांचे तीन ठिपके

माझ्या हातून आजवर जी नुकसानं झाली, त्यांतलं सगळ्यात चकचकीत नुकसान मोटरसायकलचं. सासऱ्यांची जुनी, दोन सिलिंडरची गाडी माझ्याकडे आली होती आणि एका रविवारी माझा उत्साह उतू गेला. इंजिनात जाणारी हवा गाळायच्या जाळ्या काढून ठेवल्या, मग घासपेपर, मग पॉलिश, मग फडकं. संध्याकाळी इंजिनात तोंड दिसायला लागलं. तोंड पाहण्यासारखं नव्हतं, पण दिसत होतं.

गाडी मिरवायला मी नळीकाकांच्या दारात नेली.

नळीकाका निवृत्त फिटर. ही गाडी ज्या कारखान्यात झाली, तिथे त्यांनी एकतीस वर्षं इंजिनं जोडली. कारखाना दोघा भावांचा. एक सिलिंडरची गाडी दणके देते, आपण दोन शेजारी शेजारी बसवू म्हणजे गाडी गुरगुरत जाईल, हे थोरल्याचं डोकं. नुसत्या गुरगुरण्यावर धंदा चालत नाही, हे धाकट्याचं. धाकट्याचं खरं ठरायला पस्तीस वर्षं लागली. मग हलक्या, स्वस्त गाड्या आल्या आणि कारखान्याला कुलूप लागलं.

दोन सिलिंडरचा संसार नवरा-बायकोसारखा. एकाला जास्त हवा मिळाली की दुसरा धुसफुसतो. ती हवा सारखी करायला काका रबरी नळीचं एक टोक कानात घालत आणि दुसरं आळीपाळीने दोन्ही कार्बोरेटरच्या तोंडाशी धरत. म्हणून नळीकाका. काकूंना नळीकाकू म्हणायची छाती मात्र कुणाची झाली नाही. दोन्ही बाजूंचा ठोका जुळला की फिटर इंजिनाच्या बुडाशी आपला पंच, म्हणजे खुणेचा पोलादी खिळा, ठोकून आपली खूण उठवी. काकांचे तीन ठिपके. ठोका जुळला नाही तर खूण नाही, मग साहेब नाचो की मालक.

दार उघडताच काका म्हणाले, "बरं झालं आलास. मीच येणार होतो."

कारखान्याचं नाव आता एका नव्या कंपनीने विकत घेतलं होतं. शोरूममध्ये एका भिंतीवर जुन्या फिटरांची नावं कोरायची होती. हजेरीपुस्तकं गोदामात कुजली, म्हणून अट अशी, की आपला पंच दाखवा आणि त्याची खूण असलेलं एक तरी इंजिन दाखवा. कंपनीचा माणसाच्या तोंडापेक्षा धातूवर विश्वास. काकांची बाकी इंजिनं कधीच भंगारात वितळली होती. उरलं होतं माझं एक.

काका गुडघ्यावर बसले. इंजिनाखाली बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"इथे काय होतं?"

"गंज होता काका. सगळा काढला."

"त्या गंजात माझे ठिपके होते."

काकू दारातून म्हणाल्या, "चार दिवस कंपनीचं पत्र उशाशी घेऊन झोपतायत."

तरी अक्कल पाजळायची सवय जाते कुठे? "पंच आहे ना तुमच्याकडे? मारा परत. इंजिन तुम्ही जोडलेलं, पंच तुमचा. खोटं काय त्यात?"

काकांनी खुंटीवरची नळी काढली. "चालू कर."

डावीकडे ऐकलं, उजवीकडे ऐकलं. स्क्रू फिरवले. परत ऐकलं. अर्ध्या तासाने नळी कानातून काढली.

"पॉलिशची पूड आत गेलीये. डावा सिलिंडर खरवडला. आता नाही जुळायचा."

"पण ठिपके तर..."

"जुळत नाही त्याच्यावर मी मारत नाही."

मंगळवारी कंपनीच्या बाई आल्या. "किती छान ठेवलीये," म्हणाल्या, इंजिनात बघून केस सारखे केले आणि कागदावर लिहिलं, 'खूण नाही.' मी हात जोडले, शपथपत्र देतो म्हणालो. त्या म्हणाल्या, नियम आहे. काका तोवर पंच फडक्यात गुंडाळत होते.

भिंतीवर बावीस नावं लागली. काकू अजून माझ्याशी बोलतात, पण खिडकीतून.

उद्घाटनाच्या दिवशी मी धीर करून गेलो. "काका, रिक्षा आणलीये. चला ना, तुमच्या जोडीदारांची नावं तरी बघू."

काकांनी वर न बघताच सांगितलं, "तू जा, पण भिंतीला हात लावू नकोस."